शांत करण्याचं शिक्षण

३ मार्च, सोमवार
भडकलेल्या माणसाला हात न लावता शांत कसं करायचं, ते म्हणे आम्हा पोलिसांना शिकवणार. वीसेक वर्षं वर्दीत काढल्यावर! वरून आदेश, म्हणून गेलो. शिकवायला एक बाई – मानसोपचारतज्ज्ञ. सोबत एक किडकिडीत नट. त्यानं भडकायचं, आम्ही समजवायचं. आम्ही त्याचं नाव सोंगाड्या ठेवलं.

माझा अंदाज – हे शिक्षण नाही, चाळणी आहे. तापट कोण ते वर कळवायचं आणि त्याला टेबलाच्या कामाला बसवायचं. तोंड उघडायचंच नाही असं ठरवलंय.

४ मार्च
उघडावं लागलं. सोंगाड्या लाकडी सुरी घेऊन खोलीत कोंडून बसला. मी दाराबाहेरून म्हणालो, शांत व्हा. तो असा काही ओरडला की माझा हात आपोआप दांडक्यावर गेला. बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, शांत व्हा म्हटल्यावर आजवर कोणी शांत झालंय का? निदान घरी तरी? सगळे हसले. मीही हसलो, वरवर. बाईंची नजर माझ्या हातावरच होती.

५ मार्च
बाई त्याला एकटं सोडत नाहीत. डबा एकत्र, चहा एकत्र. आज तो हात धुवायला गेला तेवढ्यात बाईंनी त्याची पिशवी चाचपली, होती तशी परत ठेवली. मी दाराआडून पाहिलं. मिशाला सांगितलं. (माझा जोडीदार. मिशा त्याच्याआधी खोलीत शिरतात.) तो म्हणाला, लफडं आहे, दुसरं काय! मला नाही पटत. लफड्यातली माणसं पिशव्या तपासत नाहीत, लग्नातली तपासतात.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, तुमचा संशय आपल्याबरोबर जेवायलाही बसतो, त्याचंही ताट वाढत जाऊ का?

६ मार्च
सोंगाड्या उशिरा आला. डोळे लाल. तालमीत माझी पाळी. बाईंनी सांगितलं होतं तसं, काय झालं एवढंच विचारलं आणि गप्प राहिलो. त्यानं सुरी टाकली. जाताना मला म्हणाला, "तुम्ही ऐकत नाही. आपली बोलायची पाळी कधी येते ते बघता."
नटानं मला शिकवावं! पण दिवसभर तेच डोक्यात.

७ मार्च
घरी येऊन आधी हेच लिहायला बसलो.

चहाच्या सुट्टीत कोणीतरी ओरडलं, सोंगाड्या गच्चीच्या कठड्यावर चढलाय. सगळे हसत अंगणात. मिशा म्हणाला, सुट्टीतही परीक्षा! मलाही तेच वाटलं. मग बाईंकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. इतके दिवस त्यांच्यावर डोळा ठेवून होतो – हे सोंग नव्हतं.

जिना धावत चढलो. तो कठड्यावर, पाय बाहेर सोडून. चपला आत, नीट जोडीनं ठेवलेल्या. तालमीत ओरडायचा. आज आवाज इतका हळू की वाऱ्यात शब्द निसटत होते. पुढे येऊ नका, म्हणाला. थांबलो. शिकवलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. आहे तिथेच फतकल मारली.

"याचे किती मार्क मिळणार तुम्हाला?"
"माहीत नाही. मला भीती वाटतेय."
"कसली?"
"तुम्ही खाली पडाल याची."

त्यानं खाली अंगणाकडे बघितलं. मग बोलायला लागला. झोप येत नाही, डोकं थांबत नाही, आणि सगळे म्हणतात होईल बरं. मी तसं म्हणालो नाही. तो थांबला की फक्त "मग?" एवढंच विचारायचो. ऊन चढलं. शेवटी त्यानं पाणी मागितलं. म्हणालो, पाणी खाली आहे, बरोबर जाऊ. त्यानं एक पाय आत घेतला. झडप घालावीशी वाटली, घातली नाही. दुसरा पाय घेतला आणि हात त्यानंच पुढे केला. तेव्हा धरला. घट्ट.

जिन्यात बाई उभ्या होत्या. त्याला जवळ घेतलं आणि रडल्या. मिशानं मान वळवली.

८ मार्च
वर्ग बंद. कोणी काही सांगत नाही. बाई त्याच्या कोण?

१० मार्च
बाई ठाण्यात आल्या होत्या. तो दवाखान्यात आहे, काल झोपला म्हणाल्या. तो नट नाही. त्यांचा धाकटा भाऊ. मागे एकदा घरात कोंडून बसला होता, तेव्हा बाईंनीच पोलीस बोलावले. त्यांनी दार फोडलं आणि त्याला गुडघ्याखाली दाबून धरलं. आमच्यापैकी कोणी नव्हतं, पण वर्दी हीच. त्यानंतर या वर्गांची कल्पना त्याचीच. भडकण्याचं काम त्यानं मागून घेतलं. बाई नको म्हणत होत्या.

उद्या भेटायला बोलावलंय. साध्या कपड्यांत येतो, म्हणालो.
नको, म्हणाल्या. त्यानं वर्दीतच यायला सांगितलंय.