मसाल्याखालची पुडी

नोएडा
५ नोव्हेंबर १९९४

ती. आईस वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

नीट पोचले. मामीला सातवा लागलाय, घरातलं सगळं मीच बघते. मामा म्हणतो, नववीत शाळा सोडलीस पण फुलके झकास करतेस. इथे सगळ्या बिल्डिंगा नव्या, समोर नुसती माती.

आई, मिश्री संपली. डोकं ठणकतं, हात थरथरतात आणि सकाळी पोटच साफ होत नाही. संडास एकच. मी आत बसते आणि मामाची ऑफिसची चार्टर्ड बस चुकते. मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याला वाटतं, थंडी बाधली. म्हणून कडक कॉफी पाजली, तर छातीच धडधडली आणि झोप गेली. खरं कसं सांगू? मिश्री लावणाऱ्यांना तो गावंढळ म्हणतो. थोडी पाठव ना.

तुझी,
वृंदा

कराड
१६ नोव्हेंबर

चि. वृंदास आईचे अनेक आशीर्वाद.

आधी हसू आलं, मग रडू. तुझी दाढ दुखायची तेव्हा मीच बोटाने लावली होती. दाढ पडली, सवय राहिली. मीही मिश्री लावल्याशिवाय गॅस पेटवत नाही, तुला काय सांगणार? तंबाखू भाजून पुडी गोड्या मसाल्याच्या डब्यात तळाशी ठेवलीय. शेजारचे शांतारामकाका दिल्लीला येतायत, ते आणून देतील. डबा तूच उघड.

जीवाला जप,
आई

नोएडा
२ डिसेंबर

ती. आईस शि. सा. न.

डबा मामीने उघडला. वाटलं, आता मला परत पाठवणार. पण तिने पुडीचा वास घेतला आणि तिचे डोळेच भरले. तीही लावायची, मामाला चोरून. दिवस राहिल्यावर सोडली. मला म्हणाली, "एक चिमूट दे ग. कुणाला कळणार नाही."

खरं सांगू, मला आधी बरंच वाटलं. मी एकटीच तशी नाही. पण डबा यायच्या आदल्याच दिवशी दवाखान्यात तिच्याबरोबर मीच होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तंबाखूने नसा आकसतात, बाळाला रक्त कमी पोचतं, ते खुरटं राहतं. तेव्हा मामी खाली बघत होती, मीपण.

"नाही मामी," एवढंच तोंडातून निघालं. पुडी संडासात ओतली. ती रडली, मग चिडली. अजून बोलत नाही. तिच्यासमोर ती पुडी मीच आणली ना.

डोकं परत ठणकतंय. आई, पुढच्या पत्रात मी परत मिश्री मागेन, मला माहितीय. पाठवू नकोस. माया मात्र कमी करू नकोस.

तुझी,
वृंदा