हिंग घातलेलं ताक

मंगळवार संध्याकाळ, मुलुंड

गव्हाचा कणसुद्धा चालणार नाही, म्हणून महिनोन्‌महिने सगळं सोडलं. तरी पोट दुखतंच. सीलिअॅकचा आजार आहे, आतडं भरून यायला वेळ लागतो, असं सगळे म्हणतात. आज डॉक्टरांनी विचारलं, "हिंग कुठला वापरता?" मला हसूच आलं. घरी येऊन डबी उलटी करून वाचली. बारीक अक्षरांत चक्क गव्हाचं पीठ.

आईने माझ्यासाठी तवा वेगळा केला, पोळपाट नवा आणला, स्वतःही पोळी सोडली. तांदळाच्या भाकऱ्या थापून मनगट धरलंय तिचं. आणि माझं पोट दुखलं की लगेच हिंग घातलेलं ताक. मीच मागायचे.

रडू यायला हवं ना? निदान राग तरी? काहीच नाही. डबी होती तिथे ठेवली आणि खोलीत येऊन बसले.

"पोट दुखतंय का गं?" आईने बाहेरून विचारलं.

"नाही, आज बरंय."

तरी ताक आलंच. "तोंड बघून कळतं मला. हिंग जरा जास्तच घातलाय."

सांगायला हवं. कसं सांगू?

पेला समोर आहे. आई दारात उभी आहे, मी पिईपर्यंत हलायची नाही.