ताईची मेल कुठे ठेवायची

३ मार्च
ताईची सगळी मेल आज तिच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिली. इतकी वर्षं ती मेल-सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, आणि जागा भरली म्हणून रोज इशारे यायचे. दोन प्रोग्राम लावून बघितले, त्यातला साधा ठेवला. ताईने एकच विचारलं, "यांची पत्रं नीट राहतील ना?" भाऊजी जहाजावर इंजिनिअर होते. अकरा वर्षं, प्रत्येक बंदरावरून तिला मेल. ते जाऊन दोन वर्षं झाली. म्हटलं, "दुसऱ्याच्या गोदामात कशाला? आपल्या घरात असू देत." 'उतरवल्यावर सर्व्हरवरून काढून टाका' — त्या चौकटीत मीच खूण केली. फार हुशार वाटलं स्वतःला.

४ मार्च
बॅकअप घ्यायचाय. रविवारी नक्की.

१९ मार्च
घेतला नाही.
ताईचा कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने डिस्क हातात घेऊन मान हलवली. "हिच्यातून काही निघणार नाही. सर्व्हरवर प्रत असेल ना?" ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "असायला हवी."
नाही, हे मला ठाऊक होतं.

२० मार्च
ताईला सांगितलं, कंपनीने उडवली. किती सहज निघालं तोंडातून! ती म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं, मला यातलं ओ की ठो कळत नाही."


२७ मार्च
ताई रोज कंपनीला फोन करते. आज तिकडच्या बाईला रडत म्हणाली, "माझा नवरा पुसून टाकलात तुम्ही." ती बिचारी पुन्हा पुन्हा माफी मागत होती. मी शेजारच्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होतो.

२९ मार्च
सांगितलं. उभ्या उभ्याच. खूण मी केली, बॅकअप घेतला नाही, वर खोटं बोललो. ताई बराच वेळ टेबल पुसत राहिली — स्वच्छच होतं ते. मग म्हणाली, "आधी त्या बाईला फोन लाव." लावला. ताईने तिची माफी मागितली.

२ एप्रिल
ताईचा फोन, दोन वाक्यांचा. "हे तुलाही लिहायचे. तुझ्याकडची पाठव."
लिहायचे खरे. बंदरांचे फोटो, क्रेनची वर्णनं, लांबच लांब. कंटाळून मी माझ्या प्रोग्राममध्ये नियमच लावून ठेवला होता — भाऊजींची मेल आली की परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये. माझी मेल मी सर्व्हरवरच ठेवलेली, म्हणून शाबूत. त्रेसष्ट निघाल्या. त्यातल्या अठ्ठेचाळीस कधी उघडल्याच नव्हत्या.

३ एप्रिल
सकाळपासून एकेक वाचतोय. ऑफिसला गेलो नाही.
शेवटची मेल, ते जाण्याआधी नऊ दिवसांची. तिच्यात फोटो नाही. "चार दिवस छातीत दुखतंय. पुढच्या बंदराला उतरून डॉक्टरला दाखवू, की फेरी संपवूनच येऊ? तुझ्या ताईला कळवू नकोस, घाबरेल. तू म्हणशील तसं करतो."
ही मी आज पहिल्यांदा उघडली.

४ एप्रिल
बासष्ट पाठवून गप्प बसता आलं असतं. त्रेसष्ट पाठवल्या.