पाच नंबरचा कागद

खंडाळा,
८ मार्च २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. पाकीट पाहून दचकू नकोस, मला काही झालेलं नाही. जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. आईच्या गुडघ्याला आता कसं आहे? तुझ्या समर्थला शाळेत फळ्याजवळच्या बाकावर जागा मिळाली का?

घराची आखणी पाडव्याला करणार आहेस असं आईकडून कळलं. त्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. फोनवर तू "बोल" म्हणतोस आणि मी पाण्याच्या टाकीचं विचारून ठेवून देतो. म्हणून लिहितो आहे. हे दोनदा कच्चं लिहून मग उतरवलं आहे.

आधी इथलं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

इथे नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह बांधायचं आहे. माधवी मॅडम पुण्याच्या आर्किटेक्ट आहेत. दिवाळीनंतर काम सुरू झालं तेव्हा त्यांनी एक नकाशा आणला नाही, पाच आणले. पत्र्याच्या ऑफिसात भिंतीवर ओळीने लावले. म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी एक धरला की पुढे तोच बरोबर ठरवत बसतो आपण. जमिनीचं, पावसाचं, मुलींचं जसजसं कळेल तसतसा एकेक उतरवू. उरेल तो बांधू." नियम एकच. ज्याला जो कागद उतरवायचा असेल त्याने त्यावर कारण, तारीख आणि नाव लिहायचं. कारण नसेल तर कागद भिंतीवर राहील. या भिंतीची देखरेख माझ्याकडे दिली, कारण माझं अक्षर चांगलं आहे. डिप्लोमा अर्धा सोडलेल्या माणसाला याहून मोठं काम कोण देणार?

एक नंबर गेला, कारण पूर्वेला चार फुटांवरच कातळ लागला आणि त्या नकाशात तिथेच तळघर होतं. दोन नंबर गेला, कारण मुली स्वतः येऊन म्हणाल्या की लांब व्हरांड्यात पाऊस आडवा येतो. दोन्हींवर मी तारखेसह लिहिलं.

पाच नंबरमध्ये दोन सुट्या इमारती होत्या आणि मधे छप्पर घातलेली वाट. कान्हे गावचे हनुमंत मिस्त्री तो बघून म्हणाले, "आरं सत्या, हे काय लावलंय? दोन खुराडी अन् मधी बोळ! हितं पोरी ऱ्हाणार का कोंबड्या?" सगळे हसले. रोज चहाला कुणीतरी आरवून दाखवायचा. माझ्याकडे बघून आरवायचे, जणू नकाशा मीच काढला होता. डिसेंबरच्या सोळा तारखेला मी तो कागद उतरवला. कारण लिहिलं नाही. घडी घालून माझ्या ट्रंकेत ठेवला.

जानेवारीत प्लॉटच्या मधली मजुरांची शेड हलवली आणि तिथे खड्डा घेतला. अकरा फुटांपर्यंत नुसता भराव. कुणी कधीकाळी ओढा बुजवलेला. उरलेल्या दोन्ही नकाशांत खोल्या नेमक्या त्याच्यावर येत होत्या. मॅडम भिंतीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मधे काहीच नसलेला एक होता ना? पाच नंबर?"

मी ट्रंकेतून आणून दिला. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. त्यांनी उलटून पाहिला.

"यावर कारण नाही."

"नाही मॅडम."

"मग आता लिही. खरं असेल ते."

मी लिहिलं : सगळे हसत होते. खाली तारीख आणि नाव. मिस्त्री मागून वाचत होते. ते म्हणाले, "माझंबी नाव टाक त्यात. पयला मीच हसलो."

आता पाच नंबरच बांधतो आहोत. खोल पायाचा खर्च वाचला, त्यातून मुलींना कपडे वाळवायची बंद खोली मिळणार आहे. इथे पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा त्यांना ती सगळ्यात जास्त हवी होती. पहिल्याच दिवशी एक नकाशा धरला असता तर ती झाली नसती.

आता घराचं.

भाऊबीजेला आपण नकाशा घेऊन बसलो होतो. मागच्या बाजूला आठ बाय दहाची एक खोली होती. दत्तोबा मामा म्हणाले, "ह्याला कशाला खोली? पाव्हणा म्हणून आला तर सतरंजी टाकू!" सगळे हसले. तूही थोडा हसलास. मी म्हणालो, "व्हय, नकोच मला." तू खोडलंस हे खरं, पण पेन्सिल मीच तुझ्या हातात दिली. वर म्हणालो, रेघ सरळ मार.

तेव्हापासून मी आलो नाही. रजा मिळत नाही असं आईला सांगतो. दादा, रजा दर रविवारी असते. रविवारी साइटवर कुणी नसतं. मी भिंतीवरचे कागद सरळ करतो, दोऱ्या गुंडाळून ठेवतो, तरी दुपार उरते. दोन आठवड्यांपूर्वी लोणावळ्याहून लोकलने तळेगावला उतरलो होतो. आपल्या परंदवडीची रिक्षा समोर उभी होती. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "येताय का?" मी पुढच्या गाडीने परत आलो. तिकीट आधीच जाऊन-येऊन काढलेलं होतं.

सोबत तीन कागद आहेत. पहिला तुझाच नकाशा, जसाच्या तसा. दुसऱ्यात मागची खोली आहे, वहिनीच्या ओट्याला धक्का न लावता. तिसऱ्यात खोली नाही, पण मागच्या दोन खांबांच्या सळया वर सोडल्या आहेत, पुढे कधी बांधायची झाली तर. पाडव्यापर्यंत तिन्ही भिंतीवर लावून ठेव. आईला दिसतील असे. मामांनाही दाखव, हसले तर हसू देत.

मला खोली हवी आहे. हे वाक्य कच्च्यात दोन्ही वेळा नव्हतं.

दुसरा कागद उतरवलास तरी माझी तक्रार नाही. फक्त त्यावर कारण लिही, तारीख घाल आणि तो मला परत पाठव. मी ट्रंकेत जपून ठेवीन.

आणि आखणीला तुझा टेप वापरू नकोस. त्याचा पहिला इंच तुटलेला आहे, सगळी मापं चुकतील. माझा नवा आहे. तो घेऊन येऊ का, तेवढं कळव.

रविवारी मोकळाच असणारा,
तुझा सत्यम