आय ॲम फाईन

ता. १५ जानेवारी १९७४, मंगळवार
चि. श्रीकांतचे कानपूरहून अंतर्देशीय आले. नेहमीप्रमाणे इंग्रजीत, पाच ओळी. थंडी फार आहे, काम ठीक आहे, आय ॲम फाईन. एकही चूक नाही. सौ.ला मराठीतून सांगितले. "फाईन म्हणजे?" हा तिचा ठरलेला प्रश्न. "उत्तम," हे माझे ठरलेले उत्तर. आज पुढे म्हणाली, "उत्तम म्हणजे कसा? वेळेवर जेवतो का?" पत्रात तसा उल्लेख नाही, असे सांगितले. पत्र फाईलला लावले.

ता. २० जानेवारी, रविवार
शेजारचे उस्मानभाई मुलाचे पत्र घेऊन आले. मुलगा भिवंडीस यंत्रमागावर कामाला आहे. उस्मानभाईंनी जन्मभर पुस्तके बांधली, माझी ही रोजनिशीही त्यांच्याच बांधणीची. परंतु अक्षरओळख नाही. वाचून मी दाखवतो. आज चार पाने, विरामचिन्ह एकही नाही. खोलीत सहाजण, आमटी पाणचट, दाढ ठणकते, शेजारणीची कोंबडी याच्या अंथरुणात अंडे घालून गेली. उस्मानभाई हसता हसता डोळे पुसत होते. मी म्हणालो, त्याला जरा शुद्ध लिहायला सांगा.
"शुद्ध ऱ्हाऊ द्या की, अण्णा. पोरानं काय खाल्लं ते कळलं न्हाय, तर ते पत्र कसलं? ती तार!"
सौ. चहा घेऊन दारातच उभी होती. चारही पाने संपेपर्यंत हलली नाही. चहा निवला.

ता. २९ जानेवारी, मंगळवार
कचेरीतील देसायांचा भाचा श्रीकांतच्याच कारखान्यात आहे. सुटीवर आला आहे. सहज बोलून गेला, "आता बरा हाय की श्रीकांत. डिसेंबरात काविळीनं पार हळद झालता. अठरा दिवस दवाखान्यात."
मला ठाऊक असल्यासारखी मान हलवली.
घरी येऊन फाईल काढली. डिसेंबरची पत्रे दोन. दोन्हींत आय ॲम फाईन. दुसऱ्याचे अक्षर हललेले. ते आगगाडीत लिहिले असावे, असे मी तेव्हा धरून चाललो होतो.
सौ.ला सांगितलेले नाही.

ता. ३ फेब्रुवारी, रविवार
फाईलमधील सर्वांत जुने पत्र पाहिले. श्रीकांत पुण्यास वसतिगृहात गेला, त्या महिन्यातले. अर्थात ती मी तपासल्यानंतरची स्वच्छ प्रत. पहिले पत्र त्याने मराठीत, चार पाने लिहिले होते. मी कळवले, इंग्रजीत लिहीत जा, सवय होईल. त्याने लिहिले. कचेरीतील मसुदे तपासतो तसेच मी ते तांबड्या शाईने तपासले, परत पाठवले, स्वच्छ प्रत मागवली. पुढे सर्व शिक्षण होईपर्यंत हाच क्रम.
त्या इंग्रजी पत्रात त्याने लिहिले होते की झोप लागत नाही, खाणावळीत पोट भरत नाही, घरी यावेसे वाटते. तीन वाक्ये, चार चुका. मी तिन्ही वाक्ये खोडून वर एकच लिहिले: आय ॲम फाईन. समासात सूचना: प्रकृतीविषयी एवढे विशेषण पुरते.
तपासलेला कागद त्याच्याकडे राहिला. ठेवला असेल का. आणि ती मराठी चार पाने? ती मीच फाईलला लावली नाहीत. नमुना म्हणून उपयोगाची नव्हती. आज आठवू पाहिली. वसतिगृहाच्या खिडकीतून चिंचेचे झाड दिसते, आणि त्याच्यावर…
पुढचे आठवत नाही.

ता. ४ फेब्रुवारी, सोमवार
जेवताना सौ.ला कावीळ सांगितली. रडली नाही. "तुम्ही तर उत्तम म्हणाला होता," एवढेच.

ता. १० फेब्रुवारी, रविवार
श्रीकांतला मराठीतून पत्र. मसुदे चार. पहिल्याची सुरुवात 'कळविण्यात येते की' अशी झाली. तो फाडला. चौथा पाठवला. काविळीचे समजले. यापुढे मराठीत लिहावे. मोठे लिहावे. मी तपासणार नाही. फाईन लिहू नये.
पेटीत टाकल्यावर शेवटचे वाक्य हुकमासारखे वाटले. पेटीत हात जात नाही.

ता. २१ फेब्रुवारी, गुरुवार
टपाल नाही. उस्मानभाईंचे आले. त्यांच्या मुलाने दाढ काढली.

ता. २ मार्च, शनिवार
आले. इंग्रजीत. पत्र पोचले, काळजी नसावी, मे महिन्यातील रजेचे नक्की नाही. आय ॲम फाईन.
त्याखाली निराळ्या शाईने, बहुधा नंतर, मराठीत दोन ओळी: 'इथं वांगी मिळतात पण आपल्यासारखी नाहीत. आईची चटणी संपली.'
त्या सौ.ने स्वतः वाचल्या. मला वाचून दाखवू दिल्या नाहीत. मग पुन्हा वाचल्या. "अहो, वांगी करून कोण घालतं याला? का स्वतःच करतो?"
"लिहिलेले नाही."
"मग विचारा की!"
लगेच कार्ड लिहिले. एकच प्रश्न. मसुदा केला नाही.
सौ.ने मिरच्या उन्हात टाकल्या आहेत. काविळीनंतर तिखट कधीपासून चालते, डॉक्टरांना विचारायचे आहे. पत्र फाईलला लावलेले नाही. ते स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीखाली आहे.