पहिल्या वळणावरचा कोट

ती. एव्फेमिया मावशीस,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेऊन ग्राच्यानचा नमस्कार. गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवते ना? (सूनबाई लुडमिला दाराच्या कड्यासुद्धा पुसते म्हणे. तिच्या घरात तुझा तो कोट अजून कसा टिकलाय, देव जाणे.)

इकडे आपला स्पीडवे क्लब पंच्याहत्तर वर्षांचा झाला आणि अध्यक्ष रोखने इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. "मास्तर, दोन पानांत आटपा, तिसऱ्यावर जाहिरात आहे." मलाही वाटलं, त्यात काय, चार माणसं मोटरसायकलवर बसतात आणि सारखी डावीकडे वळतात. पण लिहायला बसलो आणि थक्क झालो गं. लढाईनंतर खायची मारामार, आणि साखर कारखान्याचे कामगार भट्टीची राख अंथरून धावपट्टी करतात काय, बिनब्रेकच्या गाड्या वळणावर आडव्या घालतात काय! (ब्रेक नसावेत असा नियमच आहे, आपल्याकडे ते मुळात मिळालेच नसावेत, असा माझा संशय.) पहिल्या शर्यतीला तू साखरपुड्यासाठी शिवलेला मोहरी रंगाचा कोट घालून पहिल्या वळणावर उभी होतीस. आपला स्वार वालेंटी, त्याच्या मागच्या चाकाने अशी राख उडवली की तुझे फक्त डोळे दिसत होते. आपण जिंकलो. पुढच्या रविवारी तू कोट धुऊन आलीस आणि आपण सपाटून हरलो. तेव्हापासून त्या कोटाला पाणी लागलं नाही. नियोजित नवरा औषधवाला, तो साबण घेऊन आला, तर तू अंगठी आणि साबण दोन्ही परत केलीस. (बाबा सांगायचे, साबण परत देताना तुला जास्त वाईट वाटलं.)

क्लबच्या कपाटातले चषक गंजलेत, फोटोंमधली माणसं कुणाला ओळखू येत नाहीत. पण तुझ्या कोटावर खाली कारखान्याची काळी राख आहे, वर नंतरच्या धावपट्टीवरच्या विटांच्या चुऱ्याचा लाल थर आहे, आणि वालेंटी कुंपण तोडून तुझ्यावर आदळला त्या दिवसाची फाटलेली बाही आहे. हे लिहिताना माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आता मंडळ पहिल्या वळणावर प्लास्टिकचा पारदर्शक पडदा लावणार आहे. रोख म्हणतो, लोकांना आता माती नको, कॉफी हवी. रविवारी हंगामातली शेवटची शर्यत झाली की सभासद हात वर करून ठरवतील. एकदा पडदा लागला की पुन्हा कुणाच्या अंगावर कण उडणार नाही. मी सभेत विरोधाला उठलो, तर रोख म्हणाला, "मास्तर, तुम्ही तर तिथे छत्री उघडून उभे राहता." मी खाली बसलो. (राहतो खरा.)

लहानांना आशीर्वाद, लुडमिलाला नमस्कार.

तुझा भाचा,
ग्राच्यान

ता. क. – पत्र खरं तर याचसाठी. रविवारी तो कोट घालून ये आणि पहिल्या वळणावर नुसती उभी राहा. लहानपणी तू रोखला कान धरून कुंपणावरून खाली उतरवलं होतंस. तो अजून तुला टरकतो. तुझ्यासमोर हात वर करायची कुणाची छाती नाही. गेटवरचं सॉसेज माझ्याकडून.

ता. क. २ – पाकीट चिकटवणार तोच लुडमिलाचा फोन. तुला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून तिने कोट धुऊन, इस्त्री करून आणलाय, आणि तू सकाळपासून तिच्याशी बोलत नाहीस. मी पत्र पुन्हा बाहेर काढलं. मग म्हटलं, मावशी, तरीही ये. हरलो तर हरलो. (कोट धुतल्याचं स्वारांना सांगू नकोस.) तो स्वच्छ कोट घालून वळणावर उभी राहा आणि रोखला सांग, मला हा कोट पुन्हा पहिल्यापासून मळवायचाय, पडदा लावून कसं चालेल? मी शेजारीच असेन. छत्री घरी ठेवून येतोय.