कपाटावरचा डबा

प्रिय छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस. मुद्दाम कागदावर लिहिते आहे. कागद हातात असला की "ताई, आवाज तुटतोय, नंतर बोलू" असं म्हणून सुटता येत नाही. मी चिडले की तू फोन कानापासून लांब धरतोस हेही मला ठाऊक आहे. आता खुशाल लांब धर, अक्षर मोठं काढलं आहे.

आईची खुशाली तुला मी काय कळवणार? तू तर तिला रोज बघतोस. तसं तू मावशीला सांगितलंस, मावशीने मला सांगितलं, आणि सांगताना तिचा ऊर भरून आला होता. इतक्या लांब राहून पोराचं आईवर किती लक्ष! त्या पोराने तीन वर्षांत एकदाही घरात पाऊल टाकलं नाही, हे मावशीच्या ध्यानात आलं नाही. आईच्या आलं आहे, ती बोलत नाही एवढंच. तुझ्या पलंगावरची चादर ती दर पंधरा दिवसांनी बदलते, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणते, धूळ बसते गं.

आधी तारेपासून सुरुवात करते. आईकडे केबलवाल्याची तार होती. खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतलेली, भिंतीला ठोकलेली, दिसायला अगदीच कुरूप. पण नेट बंद पडलं की तो केबलवाला खांद्यावर शिडी घेऊन स्वतः यायचा, तार हलवायचा, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा आणि जायचा. तुला ते मागासलेलं वाटलं. मोबाइल कंपनीत टेबल-खुर्ची मिळाल्यापासून तार म्हटलं की तुझं नाक मुरडतं. आता घराला फोनचंच नेट पुरतं, सिमकार्ड घातलेला एक डबा ठेवला की झालं, भिंतीला भोक नको, कुणी घरी यायला नको, असे अकलेचे तारे तोडून तू तिथूनच तार कापायला लावलीस. डबा कुरिअरने आला. तू आला नाहीस. तो जोडायचा कसा याचा व्हिडिओ मात्र पाठवलास, आणि तो बघायला घरात नेट नव्हतं.

त्या डब्याची आईने जी बडदास्त ठेवली, तेवढी तिने बाबांचीही ठेवली नव्हती. टेबलावर ठेवला तर लाल दिवा. खिडकीत ठेवला तर हिरवा, पण दुपारच्या उन्हात तो इतका तापायचा की आई त्याला वर्तमानपत्राने वारा घालायची. फ्रिजवर ठेवला तेव्हा तू तिला असं झापलंस, जशी काही ती तुझ्या हाताखाली नोकरीला लागली होती. संध्याकाळी आजूबाजूची सगळी घरं भरली, जो तो आपापला फोन उघडून बसला, की एकाच टॉवरवर सगळ्यांची झुंबड, आणि आपला डबा मान टाकायचा. लगेच तुझा फोन. आई, जरा डावीकडे. आई, पडदा काढ. आई, ते वाळत घातलेले कपडे आधी बाजूला घे. सत्तरीची बाई डबा पोटाशी धरून घरभर फिरते आहे आणि लांब खुर्चीत बसलेले इंजिनिअरसाहेब "अजून थोडं, अजून थोडं" करताहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेवटी साहेबांना कपाटाचं डोकं पसंत पडलं. झरोक्याजवळ, छताला टेकून. तिथे म्हणे तीन कांड्या रेंज. रोज सकाळी एकदा बंद-चालू केला की बरा चालतो, हाही हुकूम तुझाच, म्हणून ती रोज स्टुलावर चढायची. मी शंभर वेळा म्हटलं, संध्याकाळी मी आले की करीन. तर म्हणायची, तू येईपर्यंत त्याला दिसणार कसं?

आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी? आईच्या फोनला अजून बटणं आहेत. ती रेडिओ ऐकते, वाचनालयातली पुस्तकं वाचते आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीशी तासन्‌तास बोलते. या तिन्ही गोष्टींना नेट लागत नाही. त्या घरातलं नेट वापरणारा इसम एकच, तू, आणि तोही दुसऱ्या शहरात बसून. तू भिंतीवर लावून घेतलेल्या कॅमेऱ्यातून आई खुर्चीत दिसली की चिरंजीवांचं कर्तव्य पार पडलं. चित्र फाटलं तर फोन. चित्र नीट असलं तर फोन नाही. आईने हे तुझं गणित केव्हाच ओळखलं होतं. एकदा मला म्हणाली, डबा बिघडलेलाच बरा, निदान त्याचा आवाज तरी कानावर पडतो. स्वतःच्या विनोदावर ती हसली. मला हसू आलं नाही.

माझा धंदा तुला माहीत आहे. बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांकडून फळ्यावरची अक्षरं वाचून घेते. निम्म्या लोकांना खालची ओळ दिसत नसते, पण ते ती घडाघडा वाचतात, कारण आपली पाळी येईपर्यंत त्यांनी ती पाठ केलेली असते. त्यांना मी मनातल्या मनात खूप नावं ठेवते. तुला तर ओळ पाठ करायचीही तसदी घ्यावी लागली नाही. गेल्या रविवारी दुपारी चार वाजता तू मावशीला आईचा फोटो पाठवलास, कॅमेऱ्यातून घेतलेला. खाली लिहिलंस, आजची आई, एकदम फ्रेश. मावशीने तो कौतुकाने मला पाठवला. तो फोटो आता उघड आणि जरा नीट बघ. आईने निळा स्वेटर घातला आहे. ती उभी आहे, मान वर करून कपाटाकडे बघते आहे. एक हात स्टुलावर आहे. मागच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली आहेत. तू पाठवलास चार वाजता, छोट्या. आणि तो फोटो रविवारचा नाहीच. त्याच्या आधीच्या मंगळवारचा आहे.

त्या मंगळवारी सकाळी चित्र फाटत होतं म्हणून तू आईला फोन करून सांगितलंस, डबा जरा पुढे सरकव. ती चढली. एरवी ती नुसतं बटण दाबून उतरायची, त्या दिवशी तुझ्या सांगण्यावरून कपाटाच्या कडेपर्यंत वाकली. स्टूल सरकलं. डबा, त्याची वायर आणि आई, तिघंही खाली आली. शिंपिणीने धप्पकन आवाज ऐकला आणि तिच्याकडे आपली किल्ली असते, म्हणून निभावलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं आहे. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डब्याचे दोन तुकडे झाले. तुझ्या फोनवर मात्र पडायच्या आधीचं शेवटचं चित्र तसंच चिकटून राहिलं. तू कॅमेरा उघडतही नव्हतास, फोनमधल्या यादीतलं त्याचं नखाएवढं चित्र बघून पुढे जात होतास, आणि रविवारी तेच मावशीकडे ढकललंस. चित्र फाटत नव्हतं, म्हणून तुझा फोन नाही. आज अकरावा दिवस.

ताई, कळवलं का नाहीस, असं तू आता विचारशील. त्याच दिवशी दुपारी मी तुला दोनदा फोन केला. तुझा मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे, आईला आत्ताच बघितलं, मस्त आहे. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी तो वाचला. नंतर माझं डोकंच फिरलं. ठरवलं, याला कधी कळतं ते बघूच. मावशीलाही बोलले नाही. रोज सकाळी वाटायचं, आज तरी घड्याळ बघेल. आणि खरं सांगू? या खेळात मला मजा येऊ लागली होती, तुला नालायक ठरवायची मजा. त्याची आता लाज वाटते. कारण तिकडे आई रोज विचारायची, छोट्याचा फोन आला होता का? आणि मी रोज सांगायचे, आला होता, तू झोपली होतीस. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तर मी तुझ्या तोंडी चार प्रेमाची वाक्यंही घातली. आईने ती पुन्हा सांगायला लावली. तू इतकं चांगलं जन्मात कधी बोलला नाहीस.

आज लिहायला बसले, कारण बुधवारी आईला घरी सोडताहेत. काल ती मला म्हणाली, नवा डबा मागव, कॅमेरा पलंगाकडे वळव, आणि माझं पांघरूण गळ्यापर्यंत ओढ, म्हणजे त्याला काही दिसणार नाही. पडल्याचं तुला सांगायचं नाही, अशी शपथही घातली. त्याला वाटेल माझ्यामुळे झालं, म्हणाली. ती शपथ मी मोडते आहे. तुझ्यामुळेच झालं. पण नुसतं तेवढं ऐकवायला मी एवढा कागद काळा केलेला नाही. आईला सहा आठवडे दिवसातून पाच-सहा वेळा पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं आहे, आणि ते एकट्या माणसाचं काम नाही. शिंपिणीची पाठ आधीच धरलेली असते. नर्सने मला विचारलं, घरी तुमच्याशिवाय कोण आहे? मी म्हटलं, भाऊ आहे. ती म्हणाली, मग त्यांना मंगळवारी चार वाजता घेऊन या, कसं उचलायचं ते लांबून बघून येत नाही, हात लावूनच शिकावं लागतं. मी तुझं नाव लिहून दिलं आहे. खांद्यांकडून मी धरणार, पायांकडून तू.

अजूनही तुझीच,
ताई